समुद्राचा ताप मोजणारी माणसं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना येणारे 'म्हणजे', 'तर', 'बघा' बऱ्यापैकी गाळलेत. सगळे नाही गाळले, नाहीतर तो पॉडकास्ट वाटणार नाही.

आजचा प्रश्न साधा आहे. हवामानबदलाबद्दल वाचताना एक वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेल: पृथ्वीवर जी जादाची उष्णता अडकतेय, तिच्यातली ९० टक्क्यांहून जास्त समुद्र शोषून घेतो. हवा, जमीन आणि बर्फ मिळून उरलेल्या थोड्याशा वाट्यात भागवतात. वाक्य वाचून आपण पुढे जातो. पण हे कळलं कसं? समुद्र सरासरी साडेतीन-पावणेचार किलोमीटर खोल, पृथ्वीचा ७० टक्के पृष्ठभाग व्यापणारा. त्याच्या काखेत थर्मामीटर कोणी लावला? आणि आज आलेला आकडा पन्नास किंवा दीडशे वर्षांपूर्वीच्या आकड्याशी ताडून बघायचा, तर तेव्हा मोजणाऱ्याचं यंत्र बरोबर होतं हे कशावरून?

मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला. मला या इतिहासात सगळ्यात जास्त रस वाटला तो आकडे चुकले कुठे आणि ती चूक सापडली कशी, या भागात. आजची गोष्ट बरीचशी त्याचीच आहे.

पाणी उष्णता पचवतं

आधी थोडं भौतिकशास्त्र, पटकन. तापमान आणि उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चहाचा कप आणि आंघोळीची बादली दोन्ही ५० अंशांवर असू शकतात, पण बादली तेवढी तापवायला गॅस किती जास्त जळतो ते घरातल्या कोणालाही माहीत असतं. शिवाय पाणी तापायला मुळातच आळशी. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात साधारण साडेतीन हजार लिटर हवा एक अंशाने तापते. मे महिन्यात नागपूर ४५ अंशांवर भाजत असतं आणि मुंबई ३३-३४ वर घामाघूम होत असते, त्यामागचं मोठं कारण हेच.

आता हेच जगाच्या पातळीवर न्या. पृथ्वीभोवतीची सगळी हवा मिळून जेवढी उष्णता धरू शकते, तेवढी समुद्राचा वरचा फक्त तीन-साडेतीन मीटरचा थर धरतो. खाली उरलेला सगळा समुद्र शिल्लकच. म्हणून पृथ्वी तापतेय का, हे बघायला हवेचं तापमान हा तसा चंचल निर्देशांक. एल निनो आला की वर, ला निना आला की खाली. खरा जमाखर्च समुद्राच्या वहीत लिहिला जातो. अडचण एवढीच, की ती वही पाण्याखाली आहे.

गुलामांचं जहाज आणि झडपांची बादली

खोल समुद्राचं तापमान मोजण्याचा एक अगदी जुना, नोंद असलेला प्रयत्न १७५१ चा आहे. हेन्री एलिस हा इंग्रज कप्तान 'अर्ल ऑफ हॅलिफॅक्स' नावाचं जहाज घेऊन अटलांटिकमध्ये होता. हे जहाज गुलामांच्या व्यापारातलं. विज्ञानाच्या इतिहासात अशा जागा येतात, त्या गाळून पुढे जाऊ नये. ज्या जहाजावर माणसं माल म्हणून नेली जायची, त्याच जहाजाच्या डेकवरून समुद्रविज्ञानाची ही सुरुवातीची नोंद झाली.

एलिसकडे स्टीफन हेल्स या पाद्री-शास्त्रज्ञाने सुचवलेली बादली होती. वर आणि खाली झडपा. बादली खाली जाताना झडपा उघड्या राहून पाणी आरपार जातं, वर ओढताना त्या मिटतात आणि खोलवरचं पाणी आत अडकतं. आत थर्मामीटर. वर पाणी ८४ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण २९ सेल्सियस. दोरी ३,९०० फुटांवर गेली तेव्हा ५३ फॅरनहाइट, म्हणजे १२ सेल्सियसच्या आसपास. ओढून आणेपर्यंत पाणी थोडं तापलं असणारच, तेव्हा खरं पाणी याहूनही गार. भर उष्ण कटिबंधात, डोक्यावर सूर्य, आणि खाली एवढा गारवा! एलिसने या शोधाचा पहिला उपयोग काय केला? आंघोळीला आणि वाइन गार करायला ते पाणी वापरलं.

पण प्रश्न उभा राहिला. वरून तापणाऱ्या समुद्राच्या तळाशी गार पाणी येतं कुठून? अठराव्या शतकाच्या अखेरीस काउंट रमफर्डने याचं उत्तर मांडलं: हे पाणी ध्रुवांकडून येतं. तिथे गार होऊन जड झालेलं पाणी बुडतं आणि तळातून विषुववृत्ताकडे सरकतं. म्हणजे समुद्र हे स्थिर डबकं नाही, वरखाली उलथणारं यंत्र आहे. हे लक्षात ठेवा. वरची उष्णता खोलवर जाते ती याच वाटांनी.

चॅलेंजर: दोरी, थर्मामीटर आणि साडेतीन वर्षं

२१ डिसेंबर १८७२. इंग्लंडच्या पोर्ट्समथ बंदरातून 'एचएमएस चॅलेंजर' निघालं. मूळची युद्धनौका, पण बहुतेक तोफा काढून तिथे प्रयोगशाळा बसवलेल्या. शास्त्रज्ञांचा प्रमुख चार्ल्स वायव्हिल थॉमसन. मे १८७६ मध्ये परत येईपर्यंत जहाजाने जवळपास ६९ हजार सागरी मैल कापले आणि ३६० हून जास्त ठिकाणी थांबून मोजमापं घेतली. पुढे त्यांचा अहवाल ५० खंडांचा झाला.

प्रत्येक ठिकाणी काय करायचे? तागाच्या दोरीला ठराविक अंतरावर थर्मामीटर बांधून ती खाली सोडायची, थांबायचं, मग वाफेच्या इंजिनावर पुन्हा वर ओढायची. दिवसचे दिवस तेच. हे थर्मामीटर गेलेल्या वाटेतलं सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी तापमान नोंदवून ठेवायचे. म्हणजे गृहीत असं, की खाली जावं तसं पाणी गारच होत जातं. जिथे गार पाण्याखाली किंचित कोमट थर असेल, उदाहरणार्थ दक्षिण ध्रुवाजवळ, तिथे हे यंत्र गप्प. शिवाय खोल पाण्याच्या दाबाने काच दबते आणि पारा वर सरकतो, तो भाग वेगळाच. परत आल्यावर पीटर गथ्री टेट या स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञाने हे थर्मामीटर प्रयोगशाळेत प्रचंड दाबाखाली ठेवून किती चूक होते ते मोजलं आणि छापलं. आपल्या भाषेत, डेटा गोळा झाल्यावर सेन्सरचं कॅलिब्रेशन. तेही १८८० च्या सुमारास.

या कष्टाचं फळ १३५ वर्षांनी मिळालं. २०१२ मध्ये डीन रोमिक, जॉन गोल्ड आणि जॉन गिल्सन यांनी चॅलेंजरच्या सुमारे ३०० ठिकाणच्या नोंदी घेतल्या आणि त्याच जागांची २१ व्या शतकातली तापमानं शेजारी ठेवली. वरच्या ७०० मीटरची सरासरी वाढ निघाली ०.३३ अंश. पृष्ठभागावर सुमारे ०.५९ अंश. अटलांटिकमध्ये जास्त, पॅसिफिकमध्ये कमी. आपल्या अरबी समुद्राचा आणि बंगालच्या उपसागराचा यात पत्ताच नाही, कारण चॅलेंजर हिंदी महासागरातून गेलं ते पार दक्षिणेने, केप टाउनकडून कर्गुलेन बेटांवरून मेलबर्नला.

०.३३ हा आकडा ऐकून 'एवढंच?' असं वाटतं ना? बादलीची गोष्ट आठवा. ७०० मीटर जाडीच्या, जगभर पसरलेल्या थराचा एक तृतीयांश अंश. त्याची किंमत पुढे काढू.

युद्धाने यंत्र दिलं

पुढची मोठी उडी शुद्ध विज्ञानासाठी नाही, पाणबुड्यांसाठी होती. १९३० च्या दशकात अमेरिकन नौदलाला एक कोडं पडलं होतं. सकाळी नीट चालणारं सोनार दुपारी बिघडल्यासारखं वागायचं. यंत्रात दोष नव्हता, पाण्यात होता. दुपारपर्यंत वरचा थर तापायचा आणि ध्वनिलहरी गार पाण्याकडे, म्हणजे खाली वाकायच्या. वाळवंटात प्रकाश वाकून मृगजळ दिसतं, त्याच जातीचा प्रकार. त्यामुळे पाण्यात एक 'सावली' तयार व्हायची आणि तिच्यात शिरलेली पाणबुडी सापडायची नाही.

मग तापमान खोलीनुसार कसं बदलतं हे कळणं हा जीवन-मरणाचा प्रश्न झाला. एथेलस्टन स्पिलहॉस याने १९३७-३८ च्या सुमारास बॅथिथर्मोग्राफ तयार केला. पितळेचं, छोट्या टॉर्पेडोसारखं दिसणारं यंत्र. आत काचेची छोटी पट्टी आणि तिच्यावर ओरखडा काढणारी सुई. दाब वाढला की सुई एका दिशेने, तापमान बदललं की दुसऱ्या दिशेने सरकायची. वर काढलं की पट्टीवर आलेख तयार! जहाज न थांबवता हे करता यायचं. दुसऱ्या महायुद्धात आणि नंतर शीतयुद्धात अशा नोंदींचे ढीग जमले. पण ते बरेचसे गुप्त, वेगवेगळ्या देशांच्या नौदलांच्या कपाटांत कुलूपबंद.

१९६० च्या दशकात याची पुढची पिढी आली, एक्सबीटी. हा वापरून सोडून देण्याचा प्रोब. केसाइतक्या बारीक तारेची गुंडाळी घेऊन तो पाण्यात पडतो, तारेतून तापमान वर पाठवतो, तार संपली की तुटतो आणि तळाशी जातो. मालवाहू जहाजांवरचे खलाशीसुद्धा तो टाकू शकायचे, त्यामुळे व्यापारी मार्गांवर लाखो नोंदी झाल्या.

आता गंमत बघा. स्वस्त ठेवण्यासाठी या प्रोबमध्ये दाबाचा सेन्सरच नव्हता. मग तो किती खोल आहे हे कसं कळणार? तर वेळेवरून. पाण्यात पडून किती सेकंद झाले ते एका सूत्रात घालायचं. निर्मात्याचं सूत्र होतं: सेकंदांना ६.४७२ ने गुणा, त्यातून सेकंदांच्या वर्गाची ०.००२१६ पट वजा करा, आले मीटर. म्हणजे ६० सेकंदांनंतर प्रोब ३८० मीटरवर, असं आपण मानायचं. १९९५ मध्ये हानावा आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष तपासणी करून सूत्र सुधारलं: ६.६९१ आणि ०.००२२५. आता त्याच ६० सेकंदांना ३९३ मीटर. तेरा मीटरचा फरक, आणि तोसुद्धा जगभरच्या लाखो नोंदींमध्ये!

एवढ्यावर थांबलं नाही. २००७ मध्ये गुरेत्स्की आणि कोल्टरमान यांनी दाखवलं, की ही चूक काळानुसार बदलते. प्रोबच्या उत्पादनात छोटे बदल होत गेले आणि बुडण्याचा वेग बदलला. काही वर्षांच्या नोंदी पाणी आहे त्यापेक्षा गरम दाखवत होत्या. १९७० च्या दशकात समुद्र एकदम तापून परत निवला असा जो उंचवटा आलेखात दिसायचा, तो मुख्यतः या प्रोबचा होता, समुद्राचा नव्हता. २००८ मध्ये कॅटिया डोमिंग्स आणि सहकाऱ्यांनी दुरुस्त्या करून १९६१ ते २००३ चा हिशोब पुन्हा मांडला. उंचवटा तर गेलाच, पण एकूण तापण्याचा वेग आधीच्या अंदाजांपेक्षा सुमारे ५० टक्के जास्त निघाला. 'दुरुस्त्या करून शास्त्रज्ञ आकडे फुगवतात' असं म्हणणाऱ्यांना मी हेच सांगतो, की त्याच दुरुस्तीने ७० च्या दशकातली गरमी कमीही केली. दुरुस्ती समुद्राला विचारून होते, सोयीला विचारून नाही.

बादल्या आणि कापलेले दशांश

खोलीचं झालं, पण पृष्ठभागाचंही प्रकरण सोपं नाही. पृष्ठभागाचं तापमान घ्यायची जुनी पद्धत: दोरीला बादली बांधून समुद्रात टाका, वर ओढा, थर्मामीटर बुडवा. लाकडी बादली असेल तर ठीक. कॅनव्हासची असेल तर पाणी झिरपतं, वाऱ्याने बाष्पीभवन होतं आणि पाणी गार होतं. माठाचं तत्त्व. पुढे जहाजांनी इंजिन थंड करायला आत घेतलेल्या पाण्याचं तापमान नोंदवायला सुरुवात केली. तिथे इंजिनरूमच्या उबेने आकडा थोडा वरच यायचा. युद्धाच्या काळात अमेरिकन जहाजांच्या, म्हणजे इंजिनवाल्या नोंदी जास्त. १९४५ मध्ये युद्ध संपलं, ब्रिटिश जहाजं आणि त्यांच्या बादल्या परतल्या, आणि जगाचा समुद्र जणू रातोरात ०.३ अंशांनी गार झाला! २००८ मध्ये डेव्हिड थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी हा गुंता उकलला.

माझ्या धंद्यातल्यांसाठी याहून भारी उदाहरण २०१९ चं आहे. डुओ चान आणि सहकाऱ्यांनी जपानी जहाजांच्या 'कोबे संग्रहा'तल्या नोंदी तपासल्या. १९३० च्या दशकातल्या काही गठ्ठ्यांमध्ये संगणकीय रूप देताना दशांश चिन्हापुढचे आकडे सरळ कापले गेले होते. १८.७ चे १८, २१.९ चे २१. पूर्णांकात रूपांतर करताना राउंड न करता फ्लोअर केलं, की दर नोंदीमागे सरासरी अर्ध्या अंशाच्या आसपास गायब. एक ओळीचा बग, आणि परिणाम उत्तर पॅसिफिकच्या इतिहासावर.

कपाटं उघडणारा माणूस

आता मुख्य पात्राकडे येऊ. १९७९ मध्ये अमेरिकेत जूल चार्नी यांच्या अध्यक्षतेखाली एक छोटा अहवाल तयार झाला. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी सुमारे तीन अंशांनी तापेल, मागेपुढे दीड अंश, असा त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध आहे. त्यातला दुसरा मुद्दा कमी प्रसिद्ध: समुद्र उष्णता पोटात घेईल आणि त्यामुळे हवेचं तापणं काही दशकं पुढे ढकललं जाईल. म्हणजे परिणाम डोळ्यांना दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असू शकतो.

हा अंदाज होता. पुरावा हवा तर जुन्या नोंदी हव्यात, आणि त्या विखुरलेल्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान माहिती केंद्रातल्या सिडनी लेव्हिटस यांनी १९८२ मध्ये जगाच्या समुद्राचा एक नकाशासंग्रह काढला होता. १९९३ पासून त्यांनी आंतरराष्ट्रीय पातळीवर एक मोहीम चालवली, नाव 'समुद्री माहितीचं पुरातत्त्व आणि बचाव'. शीतयुद्ध संपलं होतं. रशियापासून जपानपर्यंत कपाटं उघडत होती. हस्तलिखित वह्या, फिकट होत चाललेले कागद, खराब होऊ घातलेल्या चुंबकीय टेप. कोणीतरी बसून ते टाइप करायचं, एककं तपासायची, दोनदा आलेल्या नोंदी काढायच्या, जमिनीवर दिसणारं जहाज परत पाण्यात आणायचं. यात कुठेही टाळ्या नसतात. पण या कामातून लाखो जुन्या नोंदी वाचल्या आणि सगळ्यांसाठी खुल्या झाल्या.

मार्च २००० मध्ये 'सायन्स'मध्ये लेव्हिटस आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत समुद्राच्या वरच्या ३,००० मीटरने सुमारे २ वर २३ शून्यं इतके ज्यूल उष्णता घेतली होती. तापमानात वाढ किती? सरासरी ०.०६ अंश. शंभरातले सहा भाग! मघाशी म्हटलं होतं ना, किंमत काढू. ही उष्णता समजा सगळीच्या सगळी हवेत गेली असती, तर हवा जवळपास ४० अंशांनी तापली असती. प्रत्यक्षात तसं होत नाही, पण समुद्राने आपल्यासाठी किती झेललंय याची कल्पना येते.

तरंगते यंत्रमानव, आणि समुद्र 'गार' झाला ते वर्ष

तरी जहाजं जातात ती ठराविक मार्गांनी आणि शक्यतो चांगल्या हवेत. दक्षिण गोलार्धातला हिवाळ्यातला खवळलेला समुद्र जवळजवळ कोराच. ही पोकळी आर्गो प्रकल्पाने भरली. माणसाच्या उंचीएवढं नळकांडं. ते एक किलोमीटर खोल तरंगत राहतं, दर दहा दिवसांनी दोन किलोमीटरपर्यंत बुडतं, वर येताना तापमान, क्षारता आणि दाब मोजतं, उपग्रहाला आकडे देतं आणि परत बुडतं. १९९९-२००० पासून ही सोडायला सुरुवात झाली, नोव्हेंबर २००७ मध्ये ३,००० चं लक्ष्य पूर्ण झालं. आज सुमारे ४,००० आहेत. डेटा तासाभरात नाही तर दिवसभरात, जगात कोणालाही फुकट.

आणि २००६ मध्ये बॉम्ब पडला. जॉन लायमन, जॉश विलिस आणि ग्रेगरी जॉन्सन यांचा निबंध: २००३ ते २००५ या काळात समुद्राचा वरचा थर गार झाला. सांगणारे कोणी विरोधक नव्हते, याच क्षेत्रातले नावाजलेले लोक होते. मग काय, 'बघा, तापमानवाढ संपली' म्हणणाऱ्यांना सणच.

पण हिशोब जुळेना. समुद्र गार झाला तर पाणी आकसायला हवं. उपग्रह सांगत होते, समुद्राची पातळी वाढतेय. ती बर्फ वितळून वाढली म्हणावं, तर तेवढं बर्फ वितळल्याचं गुरुत्वाकर्षण मोजणाऱ्या उपग्रहांना दिसत नव्हतं. पृथ्वीवर येणारी आणि जाणारी ऊर्जा मोजणारी यंत्रंही गारव्याला साथ देत नव्हती. चार साक्षीदार, त्यातला एक वेगळं बोलतोय.

विलिस यांनी आपलाच निबंध फाडायला घेतला. एकेक तरंगतं यंत्र तपासलं. तेव्हा अटलांटिकमधली एका बनावटीची यंत्रं शेजारच्यांपेक्षा ठळकपणे गार आकडे देताना सापडली. पाणी गार नव्हतं. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये चूक होती: मोजलेलं तापमान चुकीच्या दाबाला, म्हणजे चुकीच्या खोलीला चिकटत होतं. आपल्या भाषेत, दोन ॲरे एकमेकांपासून घसरलेले. दुसरीकडे आधीच्या वर्षांच्या एक्सबीटी नोंदी किंचित गरम होत्या. गरम चुकीनंतर गार चूक आली, की मधे उतार दिसणारच. दोन्ही बाजूला काढल्यावर ते गार होणं नाहीसं झालं. २००७ मध्ये त्याच लेखकांनी दुरुस्ती जाहीर केली.

मला या प्रसंगाचं मोल फार वाटतं. आकडा आपल्या मताविरुद्ध गेला म्हणून त्यांनी लपवला नाही, छापला. मग तो इतर साक्षींशी जुळत नाही म्हणून स्वतःच खणत गेले. आणि हे शक्य झालं कारण समुद्र, उंची, वस्तुमान आणि प्रारण मोजणाऱ्या यंत्रणा एकमेकांपासून स्वतंत्र होत्या. एकच यंत्रणा असती तर ती चूक आपण खरी मानून बसलो असतो.

आपला समुद्र

हिंदी महासागर या गोष्टीत उशिरा येतो. १९६० च्या दशकापर्यंत तो सगळ्यात कमी मोजलेल्या समुद्रांपैकी. मग आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली, अनेक देशांची मिळून सुमारे ४० जहाजं. तिचं हवामान केंद्र होतं आपल्या मुंबईत, कुलाबा वेधशाळेत, आणि तिथे आयबीएम १६२० संगणक बसवला होता. मोहीम संपताच १ जानेवारी १९६६ ला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली, जिचं मुख्यालय आज गोव्यात दोना पावलाला आहे. उष्णदेशीय हवामानाची संस्था पुण्यात १९६२ पासून आहेच. आणि हैदराबादचं 'इन्कॉइस' भारताच्या आर्गो यंत्रांचा डेटा सांभाळतं.

या संस्थांच्या कामातून जे दिसलं ते बरं नाही. पुण्याच्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तयार केलेल्या २०२० च्या सरकारी अहवालानुसार, १९५१ ते २०१५ मध्ये उष्णदेशीय हिंदी महासागराचा पृष्ठभाग सुमारे १ अंशाने तापला. जगाच्या समुद्राची त्याच काळातली सरासरी ०.७. याच संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल अनेक वर्षं या तापण्याचा मागोवा घेतायत.

वादळाच्या दृष्टीने इथे खोलीचा मुद्दा परत येतो. वादळ पाणी घुसळतं. खाली लगेच गार पाणी असेल तर ते वर येतं आणि वादळाचं इंधन तुटतं. पण कोमट थर जाड असेल तर कितीही घुसळा, वर कोमटच येतं. म्हणून नुसतं पृष्ठभागाचं तापमान पुरत नाही, २६ अंशांचं पाणी किती खोलवर आहे ते बघावं लागतं. ३ जून २०२० ला निसर्ग श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात धडकलं. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते पूर्ण किनारा घासत गुजरातला गेलं, आणि मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात पी-३०५ बार्ज बुडून कितीतरी कामगार गेले. एखादं वादळ 'समुद्र तापल्यामुळेच' आलं असं म्हणता येत नाही. पण २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळं आधीच्या दोन दशकांपेक्षा ५२ टक्क्यांनी वाढली, असं याच पुण्याच्या संस्थेतल्या अभ्यासात निघालं. कोकणात १ जूनला मासेमारी बंद होते. मे म्हणजे कोळ्यांच्या हंगामाची शेवटची कमाई. वादळ नेमकं त्यावर येतं. ०.०६, ०.३३ हे दशांश शेवटी अशा घरांत उतरतात.

मग आता?

२०२४ मध्ये वरच्या २,००० मीटरमधली उष्णता आदल्या वर्षापेक्षा सुमारे १६ झेटाज्यूलने वाढली. झेटा म्हणजे १ वर २१ शून्यं. जगभर वर्षाला तयार होणाऱ्या विजेच्या साधारण १४० पट. आणि हा विक्रम अपवाद नाही, गेली काही वर्षं जवळजवळ दरवर्षी मोडतोय.

यात एक दिलाशाची बाजू आहे आणि एक कडू. दिलाशाची अशी, की उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणलं तर हवेचं तापमान फारसं पुढे चढत नाही, स्थिरावतं. त्यात समुद्राचा मोठा हात आहे. कडू अशी, की पोटात गेलेली उष्णता खोलवर झिरपत राहते, पाणी प्रसरण पावत राहतं आणि पातळी पुढची कित्येक शतकं वाढत राहते. १९७१ ते २०१८ मधल्या पातळीवाढीचा निम्मा वाटा नुसत्या या प्रसरणाचा आहे. समुद्राने उष्णता माफ केलेली नाही. आपल्या नावावर लिहून ठेवलीय.

आणि ही वही लिहिणारी यंत्रं चार-पाच वर्षांत बॅटरी संपून मरतात. दरवर्षी शेकडो नवी सोडावी लागतात. सुमारे निम्मी एकट्या अमेरिकेची. तिथला किंवा आणखी कुठला निधी आटला, तर वहीत कोरी पानं पडतील, आणि गेलेल्या वर्षाचं तापमान नंतर कितीही पैसे दिले तरी मोजता येत नाही. चॅलेंजरने उत्तर हिंदी महासागर सोडला, तो आपल्याला आजही परत मिळालेला नाही.

तेव्हा पुढच्या वेळी '९० टक्के' हा आकडा वाचलात, तर त्यामागे दोरी ओढणारे खलाशी, वह्या टाइप करणारे कारकून आणि स्वतःचाच निबंध फाडणारे शास्त्रज्ञ आहेत, एवढं आठवा. कोणी 'आकडे जुळवलेत' म्हणालं, तर कसे जुळवले ते आता तुम्ही सांगू शकता.

तुमच्यापैकी कोणी बंदरात, मासेमारीत, जहाजावर किंवा वेधशाळेत काम करत असेल, किंवा घरात कोणाची जुनी नोंदवही असेल, तर जरूर कळवा. वही फेकू मात्र नका. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.